चैत्रातले बीड आणि आपली सुट्टी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा चिटणीसबाईंचा निरोप आला आणि त्याबरोबर विषयही आला : उन्हाळ्याच्या आरंभीचे आपले शहर व आपल्या शनिवार-रविवारच्या सहली. विषय हलका वाटला. चार गमतीच्या आठवणी लिहाव्यात, मंडळाच्या भगिनींना हसवावे आणि मोकळे व्हावे, असे मनात होते. पण लिहावयास बसल्यावर ध्यानात आले की, सहलींचा इतिहास सांगावयाचा तर आधी सुट्टीचा इतिहास सांगावा लागतो. आणि सुट्टीचा इतिहास सांगू लागले की, त्यात बायकांची सुट्टी कोठे होती, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. म्हणून आजचा लेख थोडा लांबला आहे. भगिनींनी तो गोड मानून घ्यावा.

बीडच्या उन्हाळ्याला बाहेरगावचे लोक नावे ठेवतात. वैशाखात ती ठेवावीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु फाल्गुनाची अखेर आणि चैत्र हे दिवस आपल्याकडे फार गोड असतात. बालाघाटच्या उतारावर पळस फुललेला असतो. कडुनिंब मोहरतो आणि त्याचा मंद वास गल्लीबोळांतून पसरतो. सकाळी नऊ वाजेपर्यंत आणि संध्याकाळी दिवस कलल्यावर हवेत एक प्रकारची मौज असते. बाजारात खरबुजांचे ढीग लागतात. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू दुपारभर वाजत राहतात. माझ्या लहानपणी पुष्कळ घरांना पांढऱ्या मातीची माळवदे होती. संध्याकाळी माळवदावर पाणी शिंपडले की ओल्या मातीचा जो वास सुटे, त्याची सर हल्लीच्या कुठल्याही अत्तराला येणार नाही. रात्री त्यावर वाकळा अंथरून आम्ही सारी भावंडे ओळीने निजत असू. शेजारच्या माळवदावरून कोणी गोष्ट सांगू लागले की इकडून आम्ही हुंकार देत असू.

चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर झोपाळ्यावर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर हळदीकुंकू चाले. कैरीची वाटलेली डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, वाळ्याचे पाणी. एका दिवसात पाच पाच घरी जावे लागे. लहानपणी मला वाटे की हा केवळ खाण्यापिण्याचा सण आहे. पुढे मोठी झाल्यावर समजले की, महिनाभर रोज संध्याकाळी उंबऱ्याबाहेर पडावयाची परवानगी बायकांना देणारा तो एकच महिना होता. गौर माहेरी आलेली असे आणि तिच्या निमित्ताने आमच्या आया व आज्या गल्लीतल्या गल्लीत का होईना, हिंडून येत.

गल्लीच्या पलीकडे जावयाचे तर निमित्त याहून मोठे लागे.

माझी आजी बीडच्या एका जुन्या वाड्यात सून म्हणून आली, तेव्हा येथे निजामी अंमल होता. आजोबा तहसील कचेरीत अहलकार होते. त्या काळी हैदराबाद संस्थानात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. रविवारी कचेरी चालू, शाळा चालू. आजच्या मुलींना हे सांगितले तर खरे वाटत नाही. आजी सांगे की, शुक्रवार आला म्हणजे पुरुष मंडळी घरी असत आणि त्यामुळे स्वयंपाक दुप्पट होई. तरी उन्हाळ्यातले एक-दोन शुक्रवार मात्र ती वर्षभर आठवीत राही. त्या दिवशी पहाटे बैलगाडी जुंपली जाई, गाडीत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचे गाडगे ठेवले जाई आणि गाडीच्या दांडीला छागल टांगली जाई.

छागल म्हणजे पाण्याची कातडी पिशवी. छागलीसाठी आणि गुप्तीसाठी आपले बीड जुन्या काळी प्रसिद्ध होते. चालत्या गाडीला वारा लागला की छागलीतून झिरपणारे पाणी उडून जाते आणि आतले पाणी गार होते. माठात पाणी गार होते त्यातली युक्ती हीच. आज आपण शीतपेटी घेऊन सहलीला जातो. आपल्या गावच्या कारागिरांनी ती सोय विजेशिवाय केव्हाच करून ठेवली होती, हे आपण विसरू नये.

गाडी बहुधा खजाना विहिरीकडे जाई. शहराच्या दक्षिणेस पाच-सहा किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस ही विहीर आहे. अहमदनगरच्या मूर्तजा निजामशाहाने १५६५ ते १५८८ पर्यंत राज्य केले. त्याच्या कारकीर्दीत बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबतखानाने ती बांधविली आणि राजा भास्कर नावाच्या स्थापत्य जाणणाऱ्या गृहस्थाने तिची रचना केली. सरकारी खजिना अहमदनगरला भरण्याऐवजी खानाने तो विहिरीवर खर्च केला आणि बादशहाने विचारले तेव्हा "खजिना जमिनीत ठेवला आहे" असे उत्तर दिले, अशी दंतकथा आपल्याकडे आबालवृद्धांच्या तोंडी आहे. दंतकथा बाजूला ठेवली तरी काम थक्क करणारे आहे. दोन भुयारी वाटांनी पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्या वाटेने ते शेतीकडे निघून जाते. मोट नाही, रहाट नाही. जमिनीचा उतार ओळखून केलेल्या या रचनेने बीडच्या बलगुजार भागातील शेते पिढ्यान् पिढ्या भिजली.

आजीला यातले शास्त्र ठाऊक नव्हते. ती म्हणे, "मला काय, विहिरीवर गेले की डोक्यावरचा पदर थोडा मागे सरकला तरी कोणी बोलत नसे." एवढेच तिचे सुख. परंतु मला वाटते, खजाना विहिरीचा हाही एक हिशेब कोठेतरी मांडावयास हवा.

दुसरे ठिकाण कंकालेश्वराचे. तेथे जावयास गाडी लागत नसे. शहराच्या पूर्वेकडे चौरस कुंडाच्या मधोमध पाण्यात उभे असलेले हे देऊळ आपण सर्वजणी लहानपणापासून पाहत आलो आहोत. महाशिवरात्रीची जत्रा झाली की उन्हाळ्याची चाहूल लागते. संध्याकाळी पाण्यावरून येणारी झुळूक अंगावर घेत घटकाभर बसावे, एवढ्यासाठी बायका दर्शनाला जात. घरी सांगताना दर्शन म्हणत, मनात झुळूक असे. देवानेही यावर कधी हरकत घेतली नाही.

बीडला येऊन गेलेल्या प्रवाशांत सर्वांत नामांकित म्हणजे दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक. चौदाव्या शतकात दक्षिणेच्या स्वारीत त्याचा मुक्काम बीडजवळ पडला असता त्याचा दात दुखून पडला आणि त्याने तो समारंभाने पुरून त्यावर कबर बांधविली, असे फेरिस्त्याने लिहून ठेवले आहे. बीडजवळच्या डोंगरात दाताची कबर म्हणून ती जागा दाखवितात. बादशहाच्या एका दाताचे स्मारक झाले. आमच्या आज्यांचे सारे दात याच गावात पडले, त्यांचे मात्र कोणी नाव घेतले नाही. असो.

इकडे आमच्या आज्या दर्शनाच्या निमित्ताने हवा खात होत्या, तेव्हा मुंबई इलाख्यात हवा खाण्याचे मोठे शास्त्र झाले होते. गव्हर्नर माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसविले. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरान शोधून काढले. उन्हाळा लागला की साहेब आणि त्यांच्यामागून श्रीमंत मंडळी डोंगर चढू लागत. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला असे थंड हवेचे ठाणे आले नाही. आपल्याला मिळाला बालाघाट. त्याच्या कडेला कपिलधार आहे, सौताड्याची दरी आहे, धारूरचा किल्ला आहे आणि माथ्यावर अंबाजोगाई आहे. येथे साहेब आले नाहीत म्हणून बंगले झाले नाहीत, पण संत आले म्हणून वाटा झाल्या. आपल्या बायका त्याच वाटांनी हिंडल्या.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि काही काळाने शुक्रवारची सुट्टी जाऊन रविवारची आली. माझा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला, म्हणून मला रविवारच ठाऊक. हा रविवार कोठून आला, हे मात्र मला फार उशिरा समजले आणि समजले तेव्हा अंगावर काटा आला. ते आपल्या सर्व भगिनींना कळावे म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी मजुरांना आठवड्याची सुट्टी नव्हती. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि त्यात बायकाही असत. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी या मजुरांची संघटना बांधली आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी अशी मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच दिवस मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते असे सांगतात. आपल्या बीडच्या खंडोबाच्या टेकडीवरील उंच दीपमाळा पाहताना मला हे नेहमी आठवते. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत मजुरांची प्रचंड सभा भरली. दहा हजारांच्या आसपास लोक जमले होते. त्या सभेत दोन कामकरी स्त्रिया व्यासपीठावर उभ्या राहून बोलल्या. त्या काळात, इतक्या पुरुषांपुढे, एप्रिलच्या उन्हात. आम्हालाही एक दिवस हवा, असे त्यांनी सांगितले. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला.

म्हणजे भगिनींनो, ज्या रविवारी आपण डबे बांधून सहलीला जातो, तो रविवार मागून घेणाऱ्यांत दोन बायका होत्या.

परंतु गिरणीतल्या बाईला मिळालेला रविवार घरातल्या बाईपर्यंत पोचावयास फार वर्षे लागली. माझ्या आईचा रविवार मला आठवतो. वडील घरी, आम्ही मुले घरी, पाहुणे यावयाचे तेही रविवारीच. सकाळी नहाणी, दुपारी पुरणाचा नाहीतर वांग्याच्या भरिताचा बेत, संध्याकाळी पापड-कुरडयांची तयारी. उन्हाळा आला की कुरडयांचा चीक पहाटे चार वाजता शिजवावयाचा, म्हणजे उन्हे चढण्याच्या आत घालून होतात. "आज सुट्टी आहे" हे वाक्य आमच्या घरी आई सोडून सर्वांनी उच्चारलेले मी ऐकले आहे.

माझे लग्न झाले आणि दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. त्या उन्हाळ्यात सहल हा शब्द तोंडातून काढण्याची लाज वाटावी अशी स्थिती होती. रस्त्याच्या कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगाच्या रांगा मी पाहिल्या. त्यांच्या मुलांना सुकडी वाटली जाई. तेव्हापासून बालाघाटचा कुठलाही रस्ता चढताना माझ्या मनात येते की, या खडीवर कोणाकोणाचे हात पडले आहेत. आपण मांजरसुंब्याचा घाट गाणी म्हणत चढतो, ते म्हणावीत, पण हेही आठवावे.

आपल्या मंडळाची पहिली सहल त्यानंतर काही वर्षांनी निघाली. माझा थोरला मुलगा तेव्हा तिसरीत होता. चैत्रातला रविवार ठरला. ठिकाण कपिलधार. बीडपासून अठरा-वीस किलोमीटर, पण तयारी काशीयात्रेची झाली. कोणाच्या सासूबाईंनी विचारले, "देवाला जाता की खेळायला?" आम्ही एकमुखाने सांगितले, "देवाला." आणि ते खोटेही नव्हते. कपिलधार म्हणजे 'परमरहस्य' ग्रंथाचे कर्ते संत मन्मथस्वामी यांचे समाधिस्थान. कार्तिकी पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते आणि दूरदूरच्या दिंड्या येतात. चैत्रात गर्दी नसते. धबधब्याची धार बारीक झालेली असते, परंतु कड्याखालची सावली गार असते.

आम्ही बावीस जणी होतो. समाधीचे दर्शन घेतले आणि मग धारेखाली पाय सोडून बसलो. कोणीतरी जुनी फुगडीची गाणी काढली. चाळिशीच्या बायका फुगड्या खेळल्या. डबे उघडले तेव्हा समजले की, प्रत्येकीने आपल्याबरोबर सर्वांना पुरेल एवढे आणले आहे. बावीस डबे, बावीस जणींना पुरतील असे! स्वयंपाकाला सुट्टी म्हणून निघालो आणि आदल्या रात्री सर्वांत जास्त स्वयंपाक करून बसलो, असा तो प्रकार झाला. बोलण्याच्या भरात परतीची गाडी चुकली. दोष आमचाच होता. घरी पोचावयास रात्रीचे नऊ वाजले. मी भीत भीत आत पाऊल टाकले तो काय, आमच्या ह्यांनी मुलांसाठी खिचडी केली होती. ती तळाशी करपली होती आणि वर कच्ची होती. सासूबाई म्हणाल्या, "खा आता, तुझ्या सहलीचा प्रसाद." मी ती खिचडी फार आनंदाने खाल्ली. लग्नानंतर मला आयते वाढलेले ते पहिलेच ताट होते.

त्या एका सहलीने वाट मोकळी झाली. पुढच्या वर्षी आम्ही रात्रीचा मुक्काम करण्याचे धाडस केले. शनिवारी दुपारी निघून केजवरून अंबाजोगाई. बीडहून हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. बालाघाटच्या पठारावर असल्यामुळे तेथील संध्याकाळ बीडहून सुखाची असते. योगेश्वरीच्या देवळात आम्हाला कोकणातून कुलदेवतेच्या दर्शनाला आलेल्या बायका भेटल्या. त्यांनी आम्हाला कोकमे दिली, आम्ही त्यांना धपाटे दिले. सकाळी मुकुंदराजांच्या समाधीकडे गेलो. शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये 'विवेकसिंधु' रचला गेला असे परंपरा मानते. मराठीचा हा आद्य ग्रंथ आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे, याचा आपल्याला अभिमान हवा. दासोपंतांची (१५५१ ते १६१५) पासोडी हे आणखी एक नवल. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी वेदान्त लिहून काढला. वाकळी शिवणाऱ्या आम्हा बायकांना त्या ग्रंथातले तत्त्वज्ञान किती समजले असते कोण जाणे, पण एवढे कापड हाताळण्याचे कष्ट आम्हाला बरोबर समजले. डोंगरात कोरलेली हत्तीखान्याची लेणी पाहिली आणि स्वामी रामानंद तीर्थांनी जेथे शाळेत शिकविले व पुढे मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले, ते गावही एकदा डोळे भरून पाहिले. निजामी अमदानीत याच अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत आणि तेथे घोडदळाची छावणी होती. एका रात्रीच्या मुक्कामात आठशे वर्षे हिंडून आलो, असे आमच्यातली एक शिक्षिका म्हणाली.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्या प्रसंगाकडे येते.

काही वर्षांपूर्वी आपण पाटोदा तालुक्यात सौताड्याला गेलो होतो. विंचरणा नदीचा धबधबा पावसाळ्यात पाहावा. चैत्रात त्याचा कडा कोरडा असतो. परंतु पायऱ्या उतरून दरीत रामेश्वराच्या देवळापाशी गेले की झाडी आहे, सावली आहे, पाखरे आहेत. तेथे देवळाच्या ओट्यावर एक तिशीच्या आतबाहेरची बाई आपल्या दोन मुलांना घेऊन बसली होती. ऊसतोडीहून परत येऊन तिला आठ दिवस झाले होते. देवाला नवस फेडावयास आली होती. हातावर उसाच्या पानांनी कापल्याच्या बारीक रेघा होत्या. आम्ही तिला जवळ बोलावले, खाऊ दिला. आम्ही सहलीला आलो आहोत, दर वर्षी दोन दिवस सुट्टी काढतो, असे कोणीतरी सांगितले.

ती थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "मावशी, तुमाला सुट्टी कोन देतं?"

आम्ही हसलो. कोणी म्हणाले, "आमची आम्ही घेतो." ती म्हणाली, "आमाला सुट्टी न्हाई. आमाला खाडा."

आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊस तोडावयास बाहेर जातात आणि कारखान्यांचे गाळप संपले की मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि ती ऊस तोडून फेडावयाची असते. एखादा दिवस कामावर जाता आले नाही तर तो खाडा आणि खाड्याचा दंड हिशेबातून कापला जातो. ताप असो, बाळंतपण असो, महिन्याची अडचण असो, खाडा तो खाडाच. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीने या बायकांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाड्याची धास्ती हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले.

उन्हाळ्याचा आरंभ आपल्याला बाहेर जाण्याचा काळ वाटतो. तिच्यासाठी तो घरी येण्याचा काळ असतो. सहा महिने पालात राहिलेल्या बाईला आपल्या दाराशी बसून कडुनिंबाचा वारा घ्यावयाचा असतो. तीच तिची सहल. आपण बीडहून रसवंतीत ऊसाचा रस पिऊन निघतो आणि वाटेत उतरणाऱ्या तिच्या ट्रॅक्टरला बाजू देतो. दोघी एकाच जिल्ह्याच्या, एकाच चैत्रातल्या. त्या दिवशी परतताना आमच्या गाडीत नेहमीची गाणी झाली नाहीत.

मी पुष्कळ दिवस तिच्या प्रश्नाचा विचार केला. आमची सुट्टी आम्ही घेतो, हे आम्ही दिलेले उत्तर खरे नव्हते. १८९० च्या त्या दोघींनी ती मागितली, म्हणून ती आली. सासूबाईंनी तोंडाने टोमणा मारून मनाने जाऊ दिले, म्हणून मला मिळाली. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कचेऱ्यांचा पाच दिवसांचा आठवडा झाला, म्हणून आपल्या सुना-लेकींना शनिवार-रविवार जोडून मिळू लागले. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा ज्यांनी कधी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकले नव्हते अशा कितीतरी जणी परळीच्या वैद्यनाथाला, पंढरपूरला, तुळजापूरला जाऊन आल्या. आणि ज्या रेल्वेची वाट पाहण्यात माझे सारे आयुष्य गेले, ती अहिल्यानगरहून येणारी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्थानकातून सुटली. गाडी पाहावयास मी नातवाचा हात धरून गेले होते. आजीची बैलगाडी आणि तिच्या दांडीला टांगलेली छागल मला त्या गर्दीतही दिसत होती.

म्हणजे सुट्टी ही कोणीतरी मागितलेली आणि कोणीतरी सोडलेली वस्तू आहे. ज्यांना ती मिळाली त्यांनी ती पुढे पोचवावी, एवढाच माझ्या लिहिण्याचा मथितार्थ.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या चैत्रात आपली सहल नेहमीप्रमाणे निघावी. खजाना विहीर पाहावी, पाटोदा तालुक्यातले नायगावचे मयूर अभयारण्य पाहावे, कपिलधारेखाली पाय सोडून बसावे, फुगड्याही खेळाव्यात. गुडघे साथ देतील तितक्या. परंतु त्यातला एक दिवस आपण ऊसतोडीहून परतलेल्या भगिनींसाठी ठेवावा. त्यांच्या गावी जाऊन चैत्रगौर मांडावी, हळदीकुंकू करावे. पन्हे आपण करावे, डाळ आपण वाटावी, भांडीही आपणच घासावीत. त्यांनी फक्त बसावे. त्यांच्यातल्या कोणाला दवाखान्यात दाखवावयाचे असेल तर आपल्यातल्या डॉक्टर भगिनींनी त्याच दिवशी दाखवावे. हळदीकुंकवाला विधवा भगिनींनाही बोलवावे, हे मी वेगळे सांगावयास नको. आपल्या मंडळात तो भेद केव्हाच गेला आहे.

याला खर्च फार नाही. बावीस डबे बावीस जणींना पुरतील असे करण्याची आपली सवय जुनी आहे, ती या वेळी उपयोगी पडेल.

सौताड्याच्या त्या बाईचे नाव मी विचारले नाही, याची मला खंत आहे. पुन्हा भेटली तर तिला सांगेन की, बाई, सुट्टी कोणी देत नाही, ती मागावी लागते, आणि मागताना दोघी-तिघी बरोबर असल्या म्हणजे आवाज निघतो. तोवर चैत्रातल्या एका संध्याकाळी तिला ओट्यावर बसवून पन्ह्याचा पेला हातात द्यावा, एवढे तर आपल्या हाती आहे.